आबा पोटी आले

सौंसरात कोणत्याही जुन्या बाईला विचारा, रघुनाथरावांचा आवाज कसा होता? ती आधी हसेल आणि मग सांगेल. पांढुर्ण्याच्या मंडीत संत्र्याच्या ढिगापाशी उभं राहून बोली पुकारायचं काम त्या माणसानं जन्मभर केलं. संत्र्याचा आंबिया बहर असो की मिरग, सकाळच्या गाडीनं जायचं, दुपारपर्यंत गळा फाडायचा आणि घरी येऊन बायकोला चहा मागायचा, तोही बोली पुकारल्यासारखाच. आवाजाचं पार चिपाड झालं होतं. घोगरा, फाटका, बोलता बोलता मधेच हवा निघून जायची. देवळात आरतीला ते उभे राहिले की भटजी हळूच म्हणायचे, "रघुनाथराव, तुम्ही टाळ्या वाजवा."

कलाबाई त्यांची बायको. लग्न होऊन आली तेव्हा ती या आवाजाला भ्यायली होती. पुढे इतकी सवय झाली की तो कानावर पडला नाही तर तिला घास गिळवायचा नाही. रघुनाथराव गेले तेही मंडीतच. बोली संपली, क्रेटवर टेकले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत कारभार आटोपला. रडून रडून थकल्यावर कलाबाई एकच गोष्ट म्हणत राहिली, की घर मुकं झालं वं माय, घर मुकं झालं.

सून अमिताचे तेव्हा दिवस भरत आले होते. तेरवीच्या पंगती उठल्या, अजून भांडी घासून व्हायची होती, आणि तिला कळा सुरू झाल्या. पोरगी झाली. शेजारची शांताबाई बाळंतिणीच्या खाटेजवळ उभी राहून म्हणाली, "पाहा बाप्पा, आबा पोटी आले. तेरवीचं जेवले अन् लगेच परतले. बुढ्याले दमच नाई." सगळ्या बायका हसल्या. कलाबाई हसली नाही. तिनं ते वाक्य उचललं आणि पदराला गाठ मारावी तसं मनात बांधून ठेवलं.

आता ही आपल्याकडची रीतच आहे. घरचं माणूस गेलं आणि लगेच पाळणा हलला, की गेलेलंच परत आलं असं म्हणायचं. म्हणतात, डोळे पुसतात, आणि चार दिवसांनी विसरूनही जातात. खोटं कशाला बोला, त्या बोलण्यावर कोणी घर बांधत नाही. कलाबाईसुद्धा विसरली असती. पण पोरगी, तिचं नाव प्रणाली ठेवलं, दोनेक वर्षांची झाली आणि तिचा आवाज बसायला लागला. आधी वाटलं सर्दी असेल. सर्दी गेली, आवाज तसाच राहिला. मग एका दुपारी कलाबाई कणीक मळत बसली होती, आणि पोरगी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "चहा ठेव."

तोच आवाज! तीच घोगरी ओढ, तीच मधे निघून जाणारी हवा. कलाबाईचे हात कणकेत तसेच राहिले. मग तिनं कोपरानं पदर डोक्यावर ओढला, उठली, आणि खरंच चहा ठेवला.

त्या दिवसापासून प्रणाली घरात आबा झाली. कलाबाई तिला अहोजाहो करायची. "जेवाले बसा जी. भाजी देऊ का अजून?" पोरगी फ्रॉक सावरत पाटावर बसायची आणि घोगऱ्या आवाजात म्हणायची, "दे थोडी." अमितानं कधी धपाटा घालायला हात उचलला की कलाबाई मधे पडायची. "सासऱ्यावर हात उगारून राहिली का वं? लाज नाई वाटत?" वीरेंद्र, म्हणजे कलाबाईचा मुलगा, पिकअप चालवायचा, बागांमधली संत्री मंडीत पोचवायचा. संध्याकाळी घरी आला की लेकीसमोर हात जोडायचा. "काय म्हणते मार्केट, आबा?" ती फणकाऱ्यानं म्हणायची, "भाव पडला." हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते पाणी सगळंच हसण्याचं नसायचं. मोहल्ल्यातले लोक तर मुद्दाम यायचे पोरीला बोलतं करायला. कोणी तिला बिस्कीट द्यायचं, कोणी पाया पडायचं. पोरगी लाडावली. तिला कळलं होतं, आपण तोंड उघडलं की माणसं खूश होतात.

एकटी अमिता खूश नव्हती. ती पांढुर्ण्याची, शिवणकाम करणारी, मुकाट्यानं बघणारी बाई. पोरगी दुपारी झोपली की तिच्या छातीतून बारीक शिट्टी ऐकू येते, हे मशीन थांबवल्यावर तिच्याच कानाला कळायचं. अंगणवाडीतल्या बाईंनीही एकदा म्हटलं, की हिचा आवाज फार बसलाय, दाखवून घ्या. अमितानं घरी येऊन सांगितलं.

"कायले?" कलाबाई म्हणाली. "खोकला हाय का तिले? ताप हाय? आवाज हाय तं आवाज. ज्याचा त्याले भेटला."

"तसं नाई आई. दम लागते तिले. पळाली की बसून जाते."

"आबाले बी लागत जाये."

तरी सुनेनं हट्ट सोडला नाही, आणि एका पावसाळ्यात पोरगी फारच धापा टाकायला लागली तेव्हा गावातल्या डॉक्टरकडे नेलीच. कलाबाईही सोबत गेली. डॉक्टरांनी छाती तपासली, दम्यासारखं वाटतं म्हणाले, तोंडावर धरायचा पंप लिहून दिला. मग सहज त्यांनी विचारलं, "आवाज असा कधीपासून आहे?"

अमितानं तोंड उघडायच्या आत कलाबाई म्हणाली, "तो आवाज घराण्याचा हाय, डॉक्टरसाहेब. तिच्या आबाचा. त्याले काई औषध देऊ नका."

डॉक्टर हसले. तेही रघुनाथरावांना ओळखत होते. "होय होय, अगदी तसाच," असं म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. झालं! एवढीच गोष्ट. पण पुढं कलाबाईनं ती इतक्या वेळा आठवली, की त्या दवाखान्यातल्या बाकाचा हिरवा रंगसुद्धा तिला पाठ झाला.

पंपानं काही फरक पडला नाही. प्रणाली पहिलीत गेली त्या वर्षी एका भर दुपारी ती अंगणात खेळता खेळता खाली बसली. श्वास आत ओढताना गळ्याखाली खड्डा पडत होता आणि दूरवर ऐकू जाईल अशी शिट्टी वाजत होती. ओठ जांभळे पडायला लागले. वीरेंद्रनं पिकअपमधली अर्धी संत्री रस्त्यावरच उतरवली आणि गाडी नागपूरच्या रस्त्याला लावली. कलाबाई पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. "आबा, सरळ बसा जी. इकडे पाहा माह्याकडे," असं ती म्हणत होती. लोधीखेडा मागं पडलं, सावनेर मागं पडलं, आणि पोरीची मान खांद्यावर कलंडली, तेव्हा कलाबाईला तो क्रेट आठवला, ज्यावर एक माणूस टेकला होता आणि उठला नव्हता. तिथून पुढं ती आबा म्हणाली नाही. नुसती "बाई, माह्या बाई" म्हणत राहिली.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आधी श्वासाची सोय केली. मग एका डॉक्टरीणबाईंनी नाकातून केसाएवढी बारीक दुर्बीण घालून आत पाहिलं आणि ते पडद्यावर घरच्यांनाही दाखवलं. आवाजाच्या दोन पट्ट्या असतात म्हणे गळ्यात. त्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर पिकलेल्या तुतीसारखे घोस लोंबले होते, आणि हवा जायला मधे सुतळीएवढी फट उरली होती.

"या चामखिळीच आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगावर येतात, तशा आत आल्यात. एक विषाणू असतो त्याच्यामुळं. कॅन्सर नाही, घाबरू नका. पण फार चिवट जात आहे ही. काढल्या तरी पुन्हा येतात. पुन्हा काढायच्या. किती वेळा, ते मी आज सांगू शकत नाही. मुलं मोठी होतात तशा कधी कधी थांबतात."

"कुठून आल्या?" अमितानं विचारलं.

"बहुतेक जन्माच्या वेळी, आईकडून. आईला पत्ताही नसतो. यात कोणाचा दोष नाही, हे लक्षात ठेवा."

अमितानं पदर तोंडात धरला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी कलाबाईला आत कुठंतरी हलकं वाटलं, की चला, आपलं काही नव्हतं. एवढं वाटलं आणि लगेच तिची तिलाच किळस आली. कारण डॉक्टरीणबाईंचा पुढचा प्रश्न होता, "आवाज कधीपासून असा आहे? इतकी वर्षं? मग दाखवलं का नाही?"

अमिता सासूकडं बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती. वीरेंद्र बुटाकडं बघत होता.

"तिच्या आबाचा आवाज हाय तो," कलाबाई म्हणाली. "म्हणजे, आम्ही तसं समजत होतो."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आजी, हा आवाज कोणाचाच नाही. हा त्या गाठींचा आवाज आहे. पोरीचा स्वतःचा आवाज तुम्ही इतक्या वर्षांत ऐकलेलाच नाही."

कलाबाई बाहेर बाकावर येऊन बसली. एवढी वर्षं रोज दुपारी आपण चहा कोणाला करून दिला, हे तिला उमगत नव्हतं. नवऱ्याला एकदा मंडीतून उचलून आणलं होतं. आज तो पुन्हा गेला, आणि या वेळी त्याच्या जाण्यावर रडायचीही सोय नव्हती, कारण रडावं तर लोक म्हणतील, पोरगी वाचली तर बुढी रडून का राहिली?

पहिल्या ऑपरेशननं श्वास मोकळा झाला. आवाज काही सुधारला नाही. थोड्या महिन्यांनी दुसरं करायचं ठरलं, तेव्हा आदल्या शनिवारी सगळे जामसांवलीला गेले. मारुतीपुढं अमितानं डोळे मिटून जे मागायचं ते झटकन मागितलं. शांताबाईनं सुचवलं होतं, चामखिळीला घोड्याचा केस बांधला की गळून पडते. गळ्याच्या आत केस कोण बांधणार, म्हणून तिनं तेवढ्यासाठी एक नारळ पाठवला होता. कलाबाई हात जोडून उभी राहिली. देवापुढं खोटं बोलता येत नाही, तीच तर पंचाईत. पोरीला बरं कर, एवढं म्हणायचं होतं. तिच्या मनात आलं ते असं, की श्वास दे देवा, पण आवाज तेवढा नेऊ नको. मागच्या लोकांनी ढकललं म्हणून ती पुढं सरकली. मागणं बदलायला वेळ भेटला नाही. की तिनंच ते बदललं नाही, देव जाणे.

दुसऱ्या ऑपरेशननंतर प्रणाली घरी आली आणि काही दिवस तिला बोलू दिलं नाही. मग एका सकाळी ती म्हणाली, "आजी, मले पोहे." आवाज बारीक होता, स्वच्छ होता, पितळी वाटीवर चमचा लागावा तसा. अमिता चुलीपुढंच खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. वीरेंद्रनं पोरीला उचलून गरगर फिरवलं. कलाबाईनं पोहे दिले. छान आवाज हाय वं, असंही म्हणाली. आणि मग मागच्या खोलीत जाऊन उगीच गोधड्या घड्या करत बसली.

घरात आता आबा म्हणायचं नाही, असं अमितानं सांगून टाकलं होतं. कोणाचा काही वाद नव्हता. मोहल्ल्यातली माणसंही आता मुद्दाम येईनाशी झाली. कशाला येतील? पहिलीतली पोरगी, सगळ्यांच्या घरी असते तशी. कलाबाई तिचं सगळं करायची. वेणी घालायची, डबा भरायची. पण अहोजाहो गेलं, आणि दुपारी पोरीनं चहा मागितला की ती म्हणायची, "लहान पोरीनं चहा नाई प्यावं. दूध पी."

पोरं सगळं बघतात हो. आपल्याला वाटतं त्यांना काय कळतं! एका दुपारी प्रणाली आजीच्या खाटेवर येऊन बसली. अमिता समोरच्या खोलीत मशीनवर होती.

"आजी, आबा कुठी गेले?"

"देवाघरी."

"माह्या गळ्यातून गेले?"

पोरगी थोडा वेळ पाय हलवत बसली. मग तिनं हनुवटी छातीला टेकवली, गळा आवळला आणि आतून ओढून म्हणाली, "चहा ठेव."

आला! हुबेहूब नाही, नकलीच होता. पण आला. कलाबाईनं दाराकडं पाहिलं. मशीन चालू होतं. गळ्यावर ताण द्यायचा नाही, ओरडू द्यायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी दहा वेळा बजावलं होतं, आणि ते कलाबाईच्या समोरच बजावलं होतं.

"असं करू नाई बाई," ती म्हणाली. आणि मग, हे लिहितानाही तिचा राग येतो, पण तिची कीवही येते, ती हळूच म्हणाली, "एकदा अजून म्हण."

मग ते रोजचंच झालं. अमिता मशीनवर बसली की दुपारी मागच्या खोलीत दोघींचा खेळ. पोरगी गळा आवळून भाव सांगायची, ढीग विकायची, चहा मागायची. आजीचा चेहरा उजळला की पोरीचाही उजळायचा. कलाबाई स्वतःला सांगायची, पोट्टी खेळून राहिली, त्याच्यात काय वाईट? एकदा अमिताच्या कानावर पडलं. ती धावत आली, पोरीच्या दंडाला धरलं. "नाटक बंद कर. पुन्हा असा आवाज काढला तं पाह्य." पोरीनं आजीकडं पाहिलं. आजीनं भिंतीकडं पाहिलं. त्यानंतर खेळ कुजबुजत चालू राहिला, आणि घरात कुठं घोगरं काही ऐकू आलं, तर अमिता आतूनच ओरडायची, "प्रणाली, नाटक!" सगळे असंच धरून चालले, की आता घरात घोगरा आवाज आला तर तो नाटकाचाच.

आंबियाची संत्री उतरायला लागली होती. वीरेंद्र दिवसभर बागांमधून फिरत होता. त्या दुपारी कलाबाईनं पोरीचे केस विंचरायला घेतले. प्रणाली तिच्या पायांमधे बसून शाळेतलं काही सांगत होती, कोणाच्या पेन्सिलीवरून कोण रडलं ते. आबांच्या आवाजात सांगत होती. कलाबाई ऐकत होती, सुखानं ऐकत होती. पेन्सिलीची गोष्ट संपली. मग मधल्या सुट्टीची सुरू झाली. फणी चालत होती.

"बस झालं आता," कलाबाई म्हणाली. "गळा दुखन. तुह्या आवाजात सांग."

पोरगी मागं वळली. तिची हनुवटी वर होती, गळा मोकळा होता, कुठं काही आवळलेलं नव्हतं.

"मी नाई करून राहिली, आजी," ती म्हणाली. "कालपासून आपोआपच येऊन राहिला."

कलाबाईच्या हातातली फणी केसांतच अडकून राहिली. तिनं पोरीला ओढून घेतलं आणि तिच्या छातीला कान लावला. आत शिट्टी होती. बारीक, पण होती. कालपासून होती की आठवड्यापासून, कोणाला ठाऊक! घरात सगळे नाटकच समजत होते. ज्या आवाजाविना आपल्याला घास गिळवत नव्हता, तोच आता या लेकराचा गळा धरून बसलाय, आणि आपण त्याला रोज दुपारी हाका मारत होतो, हे तिला इतकं लख्ख दिसलं, की तिला नवऱ्याचा तिरस्कार वाटला. आयुष्यात पहिल्यांदा वाटला. हाका मारून गाठी येत नाहीत, हे डॉक्टरीणबाईंनी पुढं तिला समजावून सांगितलं. पण आज सांगायला तिथं कोणी नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिला पटलं नसतं.

पोरीला वाटलं, आजी खूश झाली म्हणून जवळ घेऊन राहिली. तिनं आजीच्या गळ्यात हात टाकले.

"आता तुले रोज ऐकाले भेटन," ती कानाशी म्हणाली. "अन् आई बी रागावणार नाई. मी मुद्दाम कुठी करून राहिली?"

कलाबाई तिला तशीच कडेवर घेऊन उठली. पोरगी आता कडेवर घेण्याएवढी राहिली नव्हती, तरी घेतली. समोरच्या खोलीत अमिता मशीनवर वाकली होती. सासूकडं बघताच तिचे पाय थांबले.

"तिचा आवाज बसला," कलाबाई म्हणाली. "नाटक नाई हाय. मीच करवून घेत होती तिच्याकडून, म्हणून तुमच्या ध्यानात नाई आलं. मले जे बोलाचं ते गाडीत बोल. आधी वीरूले फोन लाव."